अठराव्या शतकातला हिवाळा रंगमंचावर: मफ, टिपेट, क्लोक आणि गोधडीचा परकर

नाट्य स्पर्धांचा मोसम आला की मला हमखास फोन येतो. "मावशी, नाटक युरोपातलं आहे, बर्फ पडतोय, बाईच्या अंगावर फर पाहिजे. किती मीटर घेऊ?" मी परभणीत राहते, नाटकाचे कपडे शिवते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: फर एक मीटर पुरे. बाकीचा पैसा आणि वेळ परकरावर घाला.

मुलांना हे पटत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे फरचा भलामोठा कोट असतो. तसा लव बाहेर असलेला, अंगभर फरचा बायकांचा कोट ही खूप नंतरची, एकोणिसावं शतक संपतानाची फॅशन. सतराशेच्या शतकात फर असायची ती काठाला, गळ्याभोवती, हातात, किंवा आतून अस्तर म्हणून. फ्रेंच चित्रकार बुशेनं 1755 मध्ये पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्यासाठी चार ऋतूंची चित्रं काढली. ती आता न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहेत. त्यातला हिवाळा मोबाइलवर काढून बघा. बर्फात घसरगाडीवर बसलेली बाई, झग्याला फरची किनार, हातात मफ (दोन्ही बाजूंनी हात आत घालायची फरची गुबगुबीत नळी) आणि गळा चक्क उघडा. फर तिथे ऐपत दाखवायला आहे. बाईला खरी ऊब मिळायची ती थरांमुळे: अंगातला लिननचा झगा, वर गोधडीसारखे टाके घातलेला जाड परकर, त्यावर गाउन, त्यावर लोकरीचा क्लोक, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा बिनबाह्यांचा झगा. हे थर नीट जमले तर प्रेक्षकाला थंडी दिसते. नुसती फर गुंडाळली तर बाई लग्नातल्या पाहुणीसारखी दिसते.

आधी काळ आणि पात्र ठरवा

"अठरावं शतक" एवढ्यावर शिवायला बसू नका. दिग्दर्शकाकडून साल काढून घ्या. शतकाच्या मधल्या काळात मफ लहान, दोन तळवे जेमतेम मावतील एवढा. 1780 नंतर तो फुगत जातो. इंग्रज चित्रकार गेन्सबरोनं सारा सिडन्स या नटीचं 1785 मध्ये काढलेलं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. निळ्या पट्ट्यांचा झगा, काळी पिसांची हॅट आणि मांडीवर मोठा झुबकेदार मफ. नाटकातल्या मुलींना मी हे चित्र मुद्दाम दाखवते. ती आपल्याच धंद्यातली बाई, आणि बसलेल्या बाईनं मफ कसा ठेवावा हे तिच्याकडून शिकता येतं.

मग पात्राची ऐपत. सगळ्यात महाग सेबल, म्हणजे सैबेरियातला काळपट तपकिरी, चकाकणारा प्राणी. रशियाचे झार तिथल्या लोकांकडून करच मुळी कातड्यांच्या रूपात घेत, त्याला यासाक म्हणत. अर्मिन म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा स्टोट, मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी; त्याच्या शेपटीचं टोक तेवढं काळं राहतं. म्हणून राजेरजवाड्यांच्या चित्रात पांढऱ्या फरवर काळे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एक शेपूट. त्याखाली करडी खार, कोल्हा, आणि गरिबाघरी ससा, अगदी मांजरसुद्धा. हंसाची मऊ पिसंही फरच्या जागी लावत. बीव्हर हा नदीकाठी राहणारा प्राणी मात्र फर म्हणून फारसा मिरवत नसे. कॅनडातून येणारी त्याची कातडी हॅटच्या नमद्यासाठी जायची. हडसन्स बे कंपनी 1670 साली निघाली ती याच व्यापारासाठी.

म्हणजे सरदारीण असेल तर गडद तपकिरी आखूड लवेची फर घ्या, व्यापाऱ्याची बायको असेल तर कोल्ह्याच्या रंगाची किंवा करडी. राणीशिवाय कोणाला अर्मिन घालू नका. मोलकरणीला फर नकोच. तिला लाल क्लोक, लोकरीचे हातमोजे आणि छातीवर फुली मारून पाठीमागे गाठ मारलेला रुमाल द्या. माझ्या मते हाच वेश सगळ्यात देखणा दिसतो, पण मागत कोणी नाही.

खरी फर वापरायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या कातड्यांची आयात 2017 पासून बंद आहे. जुन्या बाजारात एखादा ससाफरचा कॉलर मिळाला तरी घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला, तरी जुनं कातडं कुरकुरीत झालेलं असतं आणि पहिल्याच टिपेला फाटतं.

फर कापणं आणि शिवणं

संभाजीनगरला गुलमंडीत किंवा शहागंजात खेळण्यांच्या आणि गाड्यांच्या सीटकव्हरच्या कापडवाल्यांकडे नकली फर मिळते. पन्हा साधारण दीड मीटरचा असतो. घेताना लव बोटांनी फाकवून मुळाशी बघा. खालचं विणकाम लगेच दिसलं तर ती फर विरळ आहे, दिव्याच्या झोतात टक्कल दिसेल. लव दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब नको. लांब लवेचा टेडी बेअर होतो. एकाच रंगाची सपाट फरही टाळा. मुळाशी फिकी आणि टोकाला गडद असलेली फर लांबून खरी वाटते.

आता कापणं. हा भाग घाईनं करू नका, कारण सगळं काम इथेच बनतं किंवा बिघडतं. फर उलटी पसरा. हात फिरवून लव कुठल्या दिशेला झोपते ते बघा आणि उलट्या बाजूवर खडूनं बाण काढा. प्रत्येक तुकड्यावर बाण हवाच. मापं काढा आणि कटरच्या ब्लेडनं फक्त मागचं विणकाम चिरा. फर जमिनीवर दाबून कापायची नाही; एका हातानं किंचित उचलून धरायची, म्हणजे ब्लेड लवेपर्यंत जात नाही. मग तुकडे हळूच ओढून वेगळे करा. कात्रीनं सरळ कापलं तर काठाला लव आखूड होते आणि शिवण लांबून रेघेसारखी दिसते. हे काम अंगणात करा, तोंडाला रुमाल बांधा. केस उडतात ते नाकात जातात.

शिवताना एक सेंटिमीटर माया ठेवा आणि मायेवरची लव कात्रीनं भादरून टाका, नाहीतर जोड जाड होतो. दोन तुकडे समोरासमोर ठेवून बाकीची लव आत ढकला, कच्चे टाके घाला, मग मशीनला 16 नंबरची सुई लावून लांब टीप मारा. उलटवल्यावर सुईच्या टोकानं शिवणीत अडकलेले केस एकेक करून बाहेर काढा. वेळ जातो, पण त्यानंतर जोड कुठे आहे ते शिवणाऱ्यालाही शोधावं लागतं. इस्त्री लावू नका. ॲक्रिलिक वितळतं.

एक मीटर लांब आणि दीड मीटर पन्ह्याच्या फरमधून मफ, टिपेट आणि क्लोकची किनार, सगळं निघतं. सगळे तुकडे लवेच्या दिशेनं उभेच मांडा.

मफ. मध्यम आकारासाठी आधी आतली गादी करा. जुन्या चादरीचं कापड 60 सेंटिमीटर घेराचं आणि 30 रुंदीचं घेऊन नळी शिवा. हात जातो ती आतली नळी सॅटिनची, 38 घेराची, तेवढ्याच रुंदीची. दोन्ही एकात एक घालून एक टोक चुण्या घालून जोडा, मधल्या पोकळीत भरण भरा, दुसरं टोक जोडा. भरणाला त्या काळी पिसं किंवा लोकर असायची. आपल्याकडे पिंजलेला कापूस सगळ्यात सहज मिळतो, पण तो जड होतो आणि दोन प्रयोगांत बसतो. उशीतलं फायबर घ्या. भरताना मध्ये जास्त, टोकांना कमी.

फरचा तुकडा 62 बाय 38 चा. 62 ची बाजू लवेच्या दिशेनं. नळी शिवली की दोन्ही टोकांना आतून नेफा शिवून नाडी ओवा, गादीवर चढवा आणि नाड्या ओढून गाठ आत दाबा. फर टोकाला आत वळते आणि तोंडाशी गुबगुबीत दिसते. शिवण खालच्या बाजूला येऊ द्या. त्या काळीही मफवर बदलायची कव्हरं चढवत, आणि ती नेहमी फरचीच असत असं नाही. सॅटिनवर भरतकाम केलेली, पिसांची, अशी कितीतरी असत. एकाच गादीवर दोन कव्हरं शिवून ठेवली तर दोन पात्रं भागतात.

आतल्या नळीत हाताच्या वरच्या बाजूला पोस्टकार्डाएवढा खिसा शिवा. बायका मफमध्ये रुमाल आणि चिठ्ठ्या ठेवत, काही जणी तर छोटं कुत्रं घेऊन फिरत. त्या काळच्या नाटकात कोणीतरी कोणाला गुपचूप पत्र देणारच. ते कुठून निघतं हा प्रश्न या खिशानं कायमचा सुटतो.

टिपेट म्हणजे गळ्याभोवती टाकून पुढे दोन टोकं सोडायची फरची पट्टी. लांबी दीड मीटर, रुंदी 14. ही अखंड कापायची नाही. 75 सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या आणि मानेच्या मागे जोडा, दोन्हींची लव मानेपासून खाली येईल अशी. अखंड पट्टीत एका बाजूची लव खाली आणि दुसरीची वर जाते. झोतात एक बाजू चकाकते, दुसरी काळी पडते, आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. खालून सॅटिनचं अस्तर, छातीशी रिबीन. फ्रान्समध्ये अशा पट्टीला पॅलेटाइन म्हणत. चौदाव्या लुईची भावजय, जर्मनीतल्या पॅलेटिनेटहून आलेली राजकन्या, 1676 च्या थंडीत आपली जुनी सेबल गळ्यात घालून दरबारात वावरली आणि तिथून ती पद्धत पडली.

अर्मिन लागलंच तर पांढऱ्या आखूड फरवर काळ्या लोकरीचे तीन सेंटिमीटरचे गोंडे शिवा, आठ-दहा सेंटिमीटरवर, एक ओळ सोडून दुसरीत मधोमध. रंगानं ठिपके काढू नका. ते सपाट दिसतात.

परकर: इथे आपल्या आजीचा हात लागतो

युरोपातल्या त्या परकराला वरून रेशमी सॅटिन किंवा घोटलेली लोकर, मध्ये लोकरीचा पातळ थर, खालून जाडंभरडं कापड, आणि तिन्ही थर धावदोऱ्यानं किंवा उलट्या टिपेनं एकत्र शिवलेले. हे वाचल्यावर मराठवाड्यातल्या कोणत्याही बाईला वेगळं काही सांगावं लागत नाही. जुनी लुगडी एकावर एक अंथरून वाकळ शिवणाऱ्या बायका अजून आपल्या गावोगावी आहेत. तुमच्या घरी, गल्लीत अशी एखादी आजी असेलच. तिला कामाला लावा, आणि मानधन द्या.

मध्ये फायबर घालू नका. परकर फुगतो आणि बाई बाहुली दिसते. जुन्या सुती लुगड्याचे दोन पदर घाला. वजन येतं, कापड खाली नीट पडतं, आणि चालताना परकर पायांबरोबर थोडा मागून येतो. ही चाल फार महत्त्वाची आहे. हलक्या कापडात ती येतच नाही.

वरचं कापड 2 मीटर 80 सेंटिमीटर घेराचं, उंची कमरेपासून घोट्यापर्यंत. पुढचा आणि मागचा असे दोन पाट करा. कमरेखालची पहिली 25 सेंटिमीटर जागा टाक्यांशिवाय, एकेरी कापडाची ठेवा, म्हणजे कंबर जाड होत नाही. त्याखाली खडूनं तिरक्या चौकटी आखा, साधारण चार सेंटिमीटरच्या. खालच्या वीतभर ते हातभर भागात वेली, पानं, फुलं काढा. जुन्या नमुन्यांत नक्षी अशी खालीच दाटलेली असते, कारण समोरून उघड्या गाउनमधून तेवढंच दिसायचं. टाके मधून काठाकडे घालत या. काठाकडून सुरुवात केली तर मध्ये फुगवटा अडकतो. वाकळ शिवणारी आजी कडेनं आत येत जाते. तिला कच्चे टाके आधी दाट घालून द्या, म्हणजे तिची पद्धत बदलायला नको. दोऱ्याचा रंग कापडाचाच हवा. वाकळीचा पांढरा दोरा गुलाबी सॅटिनवर घातला तर सुंदर दिसतं, पण ते आपलं गाव दिसतं.

दोन्ही बगलांना वीतभर फट ठेवा. वर चुण्या घालून पुढच्या आणि मागच्या पाटाला वेगवेगळ्या नाड्या लावा. मागच्या पाटाची नाडी पुढे आणून बांधायची, पुढच्याची मागे. माप कोणाचंही असो, बसतं. फटीतून हात घालून कमरेला बांधलेल्या सुट्या खिशापर्यंत पोचायचं. त्या काळी बायकांचे खिसे असेच वेगळे, नाडीवर बांधलेले असत.

सॅटिन परवडत नसेल तर छापील सुती कापडाचा परकर करा. मच्छलीपट्टणमची कलमकारी चालते, कारण कोरोमंडल किनाऱ्यावरची छीट तेव्हा युरोपातल्या बायका हौसेनं वापरत होत्या. इतक्या, की तिथल्या विणकरांच्या धंद्यावर आलं. फ्रान्सनं 1686 ते 1759 छिटेवर बंदी घातली, इंग्लंडनं 1721 पासून 1774 पर्यंत छापील सुती कापड अंगावर घालायलाच मनाई केली. नाटक पॅरिसमधलं आणि 1759 नंतरचं असेल तर निःशंक छीट वापरा.

हिमरूचा, म्हणजे औरंगाबादच्या नक्षीदार रेशमी-सुती कापडाचा, मोह मात्र आवरा. त्याच शतकात औरंगाबाद 1763 पर्यंत निजामाची राजधानी होती, आणि तिथल्या पात्राच्या खांद्यावर हिमरूची शाल शोभेल. लंडनच्या बाईला हिमरूचा झगा शिवला की नाटक कुठे घडतंय तेच कळेनासं होतं.

लाल क्लोक

बिनबाह्यांचा, मागे टोपी असलेला हा क्लोक इंग्लंडात खेड्यातल्या बाईपासून मोठ्या घरच्या बाईपर्यंत सगळ्या घालत. लाल लोकरीचा, दाट कुटलेला, म्हणून काठ दुमडायची गरजच नसे, धागे निघत नसत. आपल्याला लोकरीचं लाल ब्लँकेट चालतं. हिवाळ्यात गावात येणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे विचारा. कापण्याआधी गरम पाण्यात साबण घालून चोळा. शुद्ध लोकर आटून दाट होते, ॲक्रिलिकला काही होत नाही. आधी कोपऱ्याचा तुकडा कापून धुऊन बघा. दाट झालं नाही तर काठ दुमडून हातानं तुरपाई करा.

मोजणी अशी: दीड मीटर पन्ह्याचं तीन मीटर कापड. अर्धवर्तुळ कापायचं, मध्ये 16 सेंटिमीटर त्रिज्येचा गळा आणि गळ्यापासून खाली 100 सेंटिमीटर, म्हणजे बाहेरची त्रिज्या 116. साधारण सव्वापाच फूट उंचीच्या बाईला तो गुडघ्याखाली येतो. उरलेल्या कापडातून टोपीसाठी 90 बाय 45 चा तुकडा. तो 90 च्या बाजूनं मधोमध दुमडा. दुमड डोक्यावर येते, 90 ची एक कड चेहऱ्याभोवती, दुसरी मागे. मागची कड खालून 20 सेंटिमीटरपर्यंत शिवा. वरच्या उरलेल्या कापडाला बारीक बारीक चुण्या घालून सगळ्या एकाच बिंदूत ओढा, मेणाच्या दोऱ्यानं पक्क्या करा आणि आतून गोल तुकडा लावून झाका. तान्ह्या बाळाच्या कुंचीला मागे डोक्यावर गोलावा येतो ना, तसा गोलावा इथे येतो, फक्त चुण्या सूर्यकिरणांसारख्या पसरतात. प्रेक्षकांकडे पाठ करून बाई निघून जाते तेव्हा तेवढंच दिसतं. त्यामुळे त्या चुण्यांना संध्याकाळ लागली तर लागू द्या. टोपीची खालची कड चुण्या घालून गळ्याला जोडा, रिबीन लावा. श्रीमंत पात्र असेल तर पुढच्या उभ्या काठांना आणि टोपीच्या कडेला आठ सेंटिमीटरची फरची पट्टी हातानं शिवा.

1770 च्या दशकातलं उंच केशभूषेचं पात्र असेल तर ही टोपी केसांवर बसत नाही. त्या बायका वेताच्या कमानींची, बैलगाडीच्या तट्ट्यासारखी मिटणारी कॅलश नावाची टोपी घालत. ती करण्याऐवजी क्लोकची टोपी पाठीवर सोडून द्या.

हातमोज्यांसाठी जुन्या स्वेटरच्या बाह्या कोपरापासून कापा, अंगठ्याला भोक ठेवा, बोटं उघडी. झालं.

तालीम या कपड्यांतच करा

मफ हातात आला की नवखी मुलगी तो पोटाशी घट्ट दाबून उभी राहते. कोपरं अंगापासून थोडी सुटी, मफ कमरेच्या जरा वर. बोलताना एक हात बाहेर काढायचा, दुसरा आतच. घरात आल्यावर आधी एक हात, मग दुसरा, मग मफ कोणाच्या तरी हातात किंवा खुर्चीवर. हे सगळं पात्राबद्दल बोलत असतं. तेव्हा पुरुषही मफ वापरत, त्यामुळे नवरा बायकोचा मफ सहज घेऊन उभा राहिला तरी चालतं.

अंगात सुती बनियन द्या. आपल्याकडे डिसेंबरात बाहेर पारा एक आकड्यावर आला तरी दिव्यांखाली मुलगी घामानं निथळते. विंगेत पाणी ठेवा आणि टिपेट प्रवेशागणिक काढू द्या. कॉलर माइक फरला घासला की सभागृहभर खरखर ऐकू येते. माइक केसांत कपाळाजवळ लावा, किंवा टिपेटची रिबीन खाली बांधा.

प्रयोगानंतर फर झटका, रुंद दातांच्या फणीनं लवेच्या दिशेनं विंचरा. डाग पडला तर थंड पाणी आणि शाम्पू, मग सावलीत आडवी वाळवा. नकली फरला कसर लागत नाही, क्लोकच्या लोकरीला लागते. क्लोक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, सुती चादरीत गुंडाळून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासकट पेटीत ठेवा. परकर घडी न घालता गुंडाळून ठेवा, सॅटिनवर घडीची रेघ बसली तर टाक्यांमुळे ती इस्त्रीनंही जात नाही. मफमधली गादी काढून वेगळी ठेवा आणि कव्हरच्या आत चिठ्ठी शिवा: कोणतं पात्र, कोणती नटी, घेर किती.